मदत हवी आहे: बेसबॉलच्या फलंदाजीचे फॉर्म्युले – ओबीपी (बेसवर पोचण्याचं प्रमाण) सरासरीपेक्षा कमी कसा?

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत असतो. मुलाच्या बेसबॉल टीमची (वय ११-१२) आकडेवारी या मोसमात माझ्याकडे आहे. मॅच संपली की पोरं आधी स्वतःचे आकडे विचारतात. म्हणून ते चोख असायला हवेत, एकाही मुलावर अन्याय व्हायला नको.

एक्सेलमध्ये एका टॅबवर दर मॅचला प्रत्येक खेळाडूची एक ओळ भरतो. दुसऱ्या टॅबवर सम-इफने मोसमाच्या बेरजा आणि त्यांवरून हे (हिट म्हणजे बेसवर नेणारा फटका; वॉक म्हणजे चार वाईट चेंडूंवर फुकट मिळालेला बेस; अंगाला लागलेले म्हणजे चेंडू लागून मिळालेला बेस; सॅक फ्लाय म्हणजे उंच झेल देऊन बाद, पण साथीदाराची धाव; एबी म्हणजे वॉक, अंगाला लागलेले आणि सॅक सोडून उरलेल्या फलंदाजीच्या पाळ्या; स्लगिंग म्हणजे दर एबीमागे हिटने मिळालेले बेस):

सरासरी = हिट ÷ एबी
ओबीपी = (हिट + वॉक + अंगाला लागलेले) ÷ (एबी + वॉक + अंगाला लागलेले + सॅक फ्लाय)
स्लगिंग = (हिट + डबल + २×ट्रिपल + ३×होमर) ÷ एबी
ओपीएस = ओबीपी + स्लगिंग

(डबल, ट्रिपल, होमर म्हणजे दोन, तीन, चार बेसचे हिट; ते 'हिट'मध्ये एकेकदा आलेलेच असतात, म्हणून स्लगिंगमध्ये त्यांचा गुणक एकाने कमी.)

पडताळणीसाठी मेजर लीगमधल्या (अमेरिकेची मुख्य व्यावसायिक स्पर्धा) टेड विल्यम्स या दिग्गज फलंदाजाचा १९४१ चा मोसम घालून पाहिला: एबी ४५६, हिट १८५, डबल ३३, ट्रिपल ३, होमर ३७, वॉक १४७, अंगाला लागलेले ३. सॅक फ्लाय शून्य धरले, कारण तेव्हा ते वेगळे काढत नसत, एबीतच जायचे. सरासरी .४०६, ओबीपी .५५३, स्लगिंग .७३५. छापील आकड्यांशी तंतोतंत जुळलं.

तरी अडलंय ते असं. आमच्या एका मुलाचे एबी १०, हिट ४, सॅक फ्लाय १, वॉक एकही नाही. सरासरी .४०० आणि ओबीपी .३६४! बेसवर पोचण्याचं प्रमाण हिटच्या प्रमाणापेक्षा कमी कसं असेल? सॅक बंटही (साथीदार पुढे जावा म्हणून चेंडूला बॅट नुसती टेकवून बाद होणं) खाली मिळवायचे का? शिवाय विल्यम्सचा ओपीएस १.२८७ दिसतो, पण .५५३ आणि .७३५ ची बेरीज १.२८८ होते. आणि एका मुलाला फक्त वॉक मिळालेत, एबी शून्य. त्याच्या स्लगिंगला इफ-एरर लावून सेल रिकामा ठेवला, तर आता ओपीएसमध्ये व्हॅल्यूची एरर येते.

प्रतिसाद १:
फॉर्म्युला बरोबर आहे. सॅक फ्लाय एबीत धरत नाहीत, म्हणून सरासरीला त्याचा धक्का लागत नाही. ओबीपीच्या छेदात मात्र तो येतो. ४ भागिले १० आणि ४ भागिले ११, एवढाच फरक. वॉक नसलेल्या खेळाडूचं असं होऊ शकतं. सॅक बंट मिळवू नका. बंट करणारा ठरवून स्वतःची विकेट देतो, म्हणून त्याला दोन्हीकडे माफी. उंच फटका मारणारा बहुधा हिटसाठीच बॅट फिरवत असतो. एका वॉकची भर पडली की त्या मुलाचा ओबीपी ५ भागिले १२, म्हणजे .४१७ होईल.

प्रतिसाद २:
ओपीएस १.२८७ हाच खरा. मूळ किमती .५५२८ आणि .७३४६ आहेत; आधी बेरीज, मग पूर्णांकन. सेलमध्ये राउंड वापरूच नका, कस्टम फॉरमॅटमध्ये टिंब आणि तीन शून्यं द्या. नुसतं दाखवणं आणि किंमत यांतला फरक विल्यम्सच्याच मोसमात सापडतो. २८ सप्टेंबरला, शेवटच्या दिवशी सकाळी, त्याचे ४४८ एबीत १७९ हिट होते, म्हणजे .३९९५५. तीन आकड्यांत ते .४०० दिसतं. ती .४०० टिकवायला तो बाकावर बसला नाही, फिलाडेल्फियात दोन्ही मॅच खेळला आणि ८ एबीत ६ हिट मारले.

एररचं कारण असं की इफ-एररने दिलेला रिकामा सेल म्हणजे मजकूर, आणि त्यात आकडा मिळवता येत नाही. ओपीएसला वेगळी अट लावा: एबी शून्य असेल तर रिकामा, नाहीतर बेरीज. ओबीपी तसाच दाखवा, वॉक त्या मुलाने कमावलेत. उतरत्या क्रमाने सॉर्ट केलंत तर असे मजकुराचे सेल सगळ्यात वर येतील, तेव्हा आधी फिल्टरने ते वगळा. क्रमवारीसाठी किमान संधींची अटही ठेवा: मेजर लीगमध्येही सरासरीच्या किताबासाठी टीमच्या दर मॅचमागे ३.१ प्लेट अपिअरन्स (फलंदाजीच्या एकूण पाळ्या, वॉक-सॅक धरून) लागतात, १६२ मॅचना ५०२. लहान मुलांसाठी दर मॅचमागे एक पुरे.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. अट लावली, एरर गेली. किमान प्लेट अपिअरन्सचा रकानाही जोडला, त्यात सॅक बंट धरलेत. सरासरी .४०० वाल्या मुलाला आज ११ चा छेद कागदावर मांडून दाखवणार आहे.