संध्याकाळची गाडीफेरी: रांगेनं जायचं की एका जागी जमायचं?

हिंडलगेकर: दिवाळी झाल्यावर एका शनिवारी गाडीवेड्यांची फेरी काढूया. जुनी झेन, जिप्सी, नवी जिम्नी, काहीही चालेल. हिंडलगा गणपतीपाशी पाचला जमायचं, वेंगुर्ला रस्त्यानं सुळगा, उचगाव फाटा, बाची, शिनोळी करत पाटणे फाट्याला चहा आणि माघारी. शर्यत नाही, वर्गणी नाही. वीसेक गाड्या येतील.

वडगावचा मेस्त्री: वीस गाड्या एका रांगेत, त्या रस्त्यावर? शनिवारी बेळगावचा बाजार. माणसं टेम्पो भरून गावाकडं परतत असतात. वर उसाचा हंगाम. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणजे परतीची वाट सगळी अंधारात. गाड्याच बघायच्यात तर मैदानात लावा, बॉनेट उघडा, बघा पोटभर.

टिळकवाडीची झेन: उभी गाडी बघायला शोरूम हाय की, मामा. आणि ऊस काय फक्त आमच्यासाठी रस्त्यावर येतो? चंदगडची माणसं रोज त्याच वाटेनं ये-जा करतातच.

वडगावचा मेस्त्री: रोजचा माणूस एकटा जातो रे. वीस गाड्या चिकटून चालल्या की मागच्या एसटीला पुढं घुसायला फट राहत नाही, मग ती एकदम चार-पाच गाड्या ओलांडायला बघते. दुसरं म्हणजे शेपटाचा गडी. तो कुठंतरी ट्रॅक्टरमागं अडकतो आणि रांग गाठायला दामटतो. पुढचा पन्नासनं निवांत, मागचा नव्वदनं. शर्यत नाही म्हणता, खरं ती मागं आपोआप लागते. पोलिसांनी मोटार वाहन कायद्याचं शर्यतीचं कलम १८९ लावलं तर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही.

खानापूरची: मेस्त्रींचं दुखणं बरोबर, औषध चुकलं. एवढी लांब रांग करायचीच कशाला? पाच-पाच गाड्यांचे गट करा, मध्ये दहा मिनिटं ठेवा. रस्ता बदलतो तिथं प्रत्येकानं मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचं. असं केलं की मागं राहिलेल्याला वाट चुकायची भीती नाही, मग पळवायचं कारणही नाही. गटातल्या गटात ओव्हरटेक बंद. चालत्या गाडीत चारी इंडिकेटर लावून मिरवणूक काढायची नाही, वळणार कोण ते कळत नाही. ४४६ मेगाहर्ट्झच्या वॉकीटॉकीला २०१८ पासून परवाना लागत नाही, तो शेजारी बसणाऱ्याकडं द्या. आणि कुणीतरी जांबोटी-चोर्ल्याचं नाव काढणारच, म्हणून आधीच सांगते: तिन्हीसांजेला जंगलातून झुंडीनं जायचं नाही.

गडहिंग्लजकर: मी येईन. माझी गाडी एमएच ०९. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावादात हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली होती. तो नाका धारवाडच्या बाजूला, आपला रस्ता वेगळा, हे कळतंय. खरं घरी विचारतात. बेळगावच्या सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असताना तारीख नको.

हिंडलगेकर: नाही ठेवत. १ नोव्हेंबरही नको. सीमाभागातल्या मराठी माणसांच्या निषेधाच्या काळ्या दिवशी वीस गाड्या निघाल्या तर चहाला चाललोय म्हणून कोण ऐकणार? ताईंचे गट मान्य. शनिवार सोडून रविवार धरूया, चारला निघूया, उजेड असेतो माघारी.

टिळकवाडीची झेन: चारला? उन्हात? मग संध्याकाळची फेरी कसली? निम्मी मजा दिवे लागल्यावरच आहे.

खानापूरची: दिव्यांची एवढी हौस असेल तर माघारी आल्यावर हिंडलग्यात गाड्या लावून दिवे लावा. मेस्त्रींची बॉनेटंही तिथंच उघडतील.

वडगावचा मेस्त्री: ट्रॅक्टरला रविवार नसतो, एवढं ध्यानात ठेवा. मी रांगेत येणार नाही. पाटणे फाट्याला थेट स्कूटरनं येतो, चहा पिऊन उजेडातच परत. आणि झेनवाल्या, निघायच्या आधी तुझा डावा हेडलाइट बघून घे. समोरच्याला मोटारसायकल वाटतोस.