घोडे आणि प्रेम असलेल्या कादंबऱ्या

प्रश्न (सोलापूर): घोडा हेही एक पात्र असलेल्या प्रेमकथा मला मनापासून आवडतात, मात्र नायक रात्रभर घोडा चौखूर उधळतो, असे वाचले की रस जातो. जाणकारांनी कादंबरी सुचवावी.

उत्तर १: तशी धाव घोड्याला काही किलोमीटरच झेपते, त्यामुळे आपला आक्षेप रास्त आहे. निकोलस इव्हान्स यांची ‘द हॉर्स व्हिस्परर’ (१९९५) वाचावी. अपघातात जखमी झालेली मुलगी आणि तिचा घोडा सावरत असताना तिची आई घोड्यावर उपचार करणाऱ्याच्या प्रेमात पडते.

उत्तर २: त्याआधी आपल्याच जिल्ह्यातील अकलूजचा घोडेबाजार पाहावा. कान मागे पाडलेला घोडा रागावलेला असतो, हे तेथे प्रत्यक्ष पाहिले की नायिकेआधी घोडाच नायकाला का नाकारतो, ते उमगते.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. अकलूजला नक्की जाईन.