प्रतिसाद: पेबो आणि भेसळीची लढाई
नवीन सिक्वेन्सिंग मशीन (डीएनए वाचणारी) वेळेवर आली म्हणून प्राचीन डीएनएवर काम करणाऱ्या स्वान्ते पेबो या शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं, हे म्हणणं अर्धंच पटतं. मशीनशिवाय २०१० चा निअँडरथल (नामशेष झालेले, माणसाचे जवळचे नातेवाईक) जीनोम, म्हणजे त्यांच्या सगळ्या डीएनएचं वाचन, झालं नसतं हे खरंय, पण क्रोएशियातल्या विंदिया गुहेतल्या ज्या हाडांवरून तो वाचला त्यांच्यातला बहुतेक डीएनए बॅक्टेरियाचा होता, वर हाताळणाऱ्या माणसांचा चिकटलेला वेगळाच, आणि मशीन काय, जे घालाल ते वाचणार! खरं काम होतं ते ही भेसळ ओळखायचं. जुन्या डीएनएच्या टोकांशी सायटोसिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी सी) खराब होतं आणि वाचताना सी च्या जागी टी हे दुसरं अक्षर दिसतं, ती खूण धरून त्यांनी जुनं-नवं वेगळं केलं.

आणि ही धडपड कधीपासूनची बघा, स्वीडनमधल्या उप्सालाला पेबोची पीएचडी चालू होती अ‍ॅडेनोव्हायरसवर, पण गाइडला न सांगता हा माणूस ममीच्या मागे लागलेला, वाळलेल्या मांसात डीएनए टिकतो का हे बघायला वासराचं लिव्हर आणून लॅबच्या ओव्हनमध्ये ५० डिग्रीला ठेवलं, सगळीकडे वास सुटला तरी सोडलं नाही. पुढे १९९४ साली डायनासोरचा डीएनए सापडल्याचा गाजावाजा झाला, तेव्हा तो डीएनए माणसाचाच आहे हे दाखवणाऱ्यांत याचीही टीम होती. मला तर नोबेलइतकंच हे भेसळ पकडायचं काम मोठं वाटतं.