नारायण मेघाजी लोखंडे: एकपात्री सत्तर मिनिटांत कसं बसवावं?

सातपूरकर: गिरणी कामगारांचे पुढारी लोखंडे यांच्यावरच्या एकपात्रीचा नाशिकच्या कालिदास कलामंदिरात प्रयोग करायचाय. संहिता अकरा हजार शब्दांवर गेलीय. काय कापू? कॉलर माइकही उपरण्याला घासून खरखरतो.

तालीमवाला: थांबे धरून मिनिटाला शंभर शब्द, म्हणजे सात हजारच. बालपण दोन वाक्यांत आटपा. १८८४ ची बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही त्यांची कामगार संघटना आणि १८९० ची गिरण्यांतली रविवारची सुट्टी, कणा एवढाच. तारखा पाठ म्हणू नका. त्यांच्या ‘दीनबंधु’ वृत्तपत्राचा अंक हातात धरून वाचा, कागदाची घडी उलगडेपर्यंत गप्प राहा. सभेत प्रेक्षकांनाच गिरणी कामगार माना. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतला माणूस समोर असतो, त्याला रजेची किंमत सांगावी लागत नाही.

ध्वनीवाला: माइक छातीवर नकोच. कपाळावर केसांच्या रेषेत लावा, वायर मानेमागून न्या, दर तीन इंचांवर मेडिकल टेप. टेप घामाने सुटते, म्हणून आधी त्वचा स्पिरिटने पुसा. गिरणीचा भोंगा दोनदाच वाजवा. तिसऱ्यांदा कुणी दचकत नाही.

रंगमंच: संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागेल, ते तारीख घेण्याआधीच मिळवा. आणि १८९७ च्या प्लेगमधला मृत्यू रडून करू नका. पगडी खुंटीला, तिच्यावर एकच स्पॉट, बाकी अंधार.