मदत हवी आहे : ‘गिट एफएससीके’च्या तपासणीत ‘मिसिंग ब्लॉब’ आढळला

नमस्कार मंडळी,

आमचा छोटा गट मराठी शुद्धलेखन-तपासणीसाठी लागणारी शब्दसूची गिटमध्ये (फाइलींतील प्रत्येक बदलाचा इतिहास जपणाऱ्या प्रणालीत) सांभाळतो. मूळ बेअर रेपॉझिटरी (फक्त इतिहास ठेवणारे सामायिक भांडार) ज्या सर्व्हरवर होती त्याची डिस्क खराब होऊ लागल्यामुळे रेपॉझिटरीची प्रत नव्या डिस्कवर घेतली आणि तिथे टर्मिनलवर ‘गिट एफएससीके --फुल’ ही भांडारातील दोष शोधणारी कमांड चालवली. बहुतेक ओळी ‘डँगलिंग कमिट’ (कमिट म्हणजे बदलाची नोंद) आणि ‘डँगलिंग ब्लॉब’ (ब्लॉब म्हणजे एका फाइलचा मजकूर) अशा आल्या. काही जुन्या ट्रींबाबत (ट्री म्हणजे फोल्डरमधील फाइलींची यादी) ‘झिरो पॅडेड फाइलमोड’ असा इशारा मिळाला. आणि एका ठिकाणी ‘ब्रोकन लिंक’ व त्याखाली ‘मिसिंग ब्लॉब’ असे लिहून 40 अक्षरी हॅश (वस्तूची ओळखखूण) दिलेला आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे ‘डँगलिंग’ म्हणजे जिच्याकडे कोणताही दुवा उरलेला नाही अशी वस्तू. आमच्याकडे काही वेळा फोर्स पुश (आधीचा इतिहास बाजूला सारून नवा चढवणे) झालेले असल्यामुळे त्यांची काळजी वाटत नाही. ‘मिसिंग’चे मात्र उलट आहे : ट्रीमध्ये नोंद आहे, पण मजकूर नाही. ‘गिट लॉग’ व्यवस्थित चालतो, चालू ब्रांच चेकआउटही होते, त्यामुळे तपासणी केली नसती तर हा दोष कुणाच्या लक्षातही आला नसता. एखादा शब्द कोणत्या आधारावर घेतला किंवा वगळला, हे आम्हाला जुन्या कमिटांवरूनच कळते. म्हणून तो ब्लॉब परत मिळणे आमच्यासाठी फार महत्त्वाचे आहे.

एका सहकाऱ्याकडे पूर्ण क्लोन (रेपॉझिटरीची इतिहासासह प्रत) आहे. तिथून ‘गिट फेच’ (आपल्याकडे नसलेले उतरवून घेणारी कमांड) केले, पण काहीच उतरले नाही. असे का व्हावे? तो ब्लॉब सुरक्षितपणे कसा आणावा, आणि फाइलमोडच्या इशाऱ्याचे काय करावे?

प्रतिसाद :

तुम्ही लावलेला अर्थ बरोबर आहे. फेच करताना तुमची रेपॉझिटरी ‘हे कमिट माझ्याकडे आहे’ असे कळवते आणि कमिट आहे म्हणजे त्याखालचे सगळे आहे असे धरले जाते; एकेक ब्लॉब तपासला जात नाही. गिट 2.36 पासून ‘--रीफेच’ हा पर्याय सगळे नव्याने उतरवतो, पण एका ब्लॉबसाठी एवढे करण्याची गरज नाही.

आधी सध्याच्या रेपॉझिटरीची जशीच्या तशी प्रत बाजूला ठेवा. ‘--नेम-ऑब्जेक्ट्स’ हा पर्याय देऊन एफएससीके चालवल्यास ब्लॉब कोणत्या फाइलचा आहे ते समजेल. मग सहकाऱ्याच्या क्लोनमध्ये ‘गिट कॅट-फाइल ब्लॉब’ या कमांडला तो हॅश देऊन मजकूर एका फाइलमध्ये उतरवा, आणि ती फाइल तुमच्याकडे आणून ‘गिट हॅश-ऑब्जेक्ट -डब्ल्यू --नो-फिल्टर्स’ चालवा. शेवटचा पर्याय वगळू नका, कारण ओळींच्या शेवटची चिन्हे सेटिंगनुसार बदलली गेली तर हॅशही बदलेल. छापून आलेला हॅश हरवलेल्या हॅशशी जुळला, तर मजकूर अक्षरशः मूळचाच आहे, कारण हॅश मजकुरावरूनच काढलेला असतो. ‘ऑब्जेक्ट्स’ फोल्डरमध्ये त्याच नावाची शून्य बाइटची फाइल असेल तर ती आधी हलवा. नाहीतर वस्तू आधीच आहे असे समजून गिट काहीच लिहिणार नाही.

फाइलमोडच्या इशाऱ्याचा अर्थ एवढाच की ट्रीमध्ये मोडच्या (फाइलचा प्रकार सांगणाऱ्या आकड्याच्या) आधी एक अनावश्यक शून्य लिहिले गेले आहे. मजकूर सुरक्षित आहे. ते दुरुस्त करायचे तर पुढच्या प्रत्येक कमिटचा हॅश बदलेल, म्हणून माझ्या मते त्याला हात लावू नये.

धागाकर्ता :

मनापासून आभार. हॅश जुळला आणि फेरतपासणीत ‘मिसिंग’ची ओळ आली नाही. यापुढे त्याच सर्व्हरवर ‘गिट क्लोन --मिरर’ने बॅकअप घेतला, तर प्रत घेतानाच तपासणी होईल का?

प्रतिसाद :

नाही. त्याच यंत्रावरचा मार्ग दिला की गिट मूळ फाइलींना फक्त हार्डलिंकने जोडते किंवा त्यांची जशीच्या तशी नक्कल करते, आत पाहत नाही. सोबत ‘--नो-लोकल’ द्या, म्हणजे प्रत्येक वस्तू वाचून पाठवली जाईल आणि काही हरवले असल्यास क्लोन तिथेच थांबेल. त्यानंतर बॅकअपवरही एफएससीके चालवा.