मदत हवी आहे : ‘व्हिसलजॅकेट’ची रिकामी पार्श्वभूमी कशी रंगवू?

नमस्कार मंडळी. इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्सच्या ‘व्हिसलजॅकेट’ या घोड्याच्या चित्राची तैलरंगात सरावासाठी नक्कल करतोय. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, साधारण १७६२चं, उंची जवळजवळ तीन मीटर. माझा कॅनव्हास जेमतेम दोन फुटी!

घोडा बऱ्यापैकी जमलाय. तांबूस अंग, फिकट सोनेरी आयाळ, सगळं ठीक. शिरा आणि स्नायूंपुढे मात्र हात टेकले. स्टब्सने मेलेले घोडे कापून, दीड वर्ष खपून अभ्यास केला होता, त्याला आपण कुठे पुरे पडणार.

खरं घोडं अडलंय ते मागच्या रिकाम्या जागेवर. आकाश नाही, झाड नाही, जमीनसुद्धा नाही. फक्त मागच्या खुरांपाशी इवलीशी सावली, आणि तेवढ्यावर त्याचा घोडा भक्कम उभा! माझा हवेत तरंगतोय, कात्रण चिकटवल्यासारखा.

यलो ऑकर, रॉ अंबर आणि पांढरा मिसळला तर रंग मळकट होतोय. कडा ओल्या रंगातच मिसळायच्या, की वाळल्यावर पातळ थर द्यायचा? सावलीत अंगाचा तांबूस थोडा घालावा का? तैलरंगात मुरलेल्या कुणीतरी सांगा, प्लीज. फोटो कमेंटमध्ये टाकतो, हसू नका.