नव्या गाड्या ट्रेलरवरून उतरवून घेताना डॅमेज कसं लिहिता? क्लेम दरवेळी अडकतोय

यार्ड_सोलापूर

नमस्कार मंडळी. मी सोलापूरला एका डीलरच्या स्टॉकयार्डात गाड्या उतरवून घ्यायचं काम बघतो. चाकणहून ट्रेलर येतात आणि बहुतेक रात्रीच येतात, गेल्या आठवड्यात तर पावणेदोनला आला, ड्रायव्हरला पुढे कलबुर्गीला दोन गाड्या टाकायच्या होत्या म्हणून तो घाईत, यार्डात एकच हॅलोजन, गाड्यांवर धुळीचा थर, मी मोबाईलच्या टॉर्चने फिरून बघितलं आणि पीओडीवर, म्हणजे माल मिळाल्याच्या पावतीवर, सही करून टाकली. सकाळी गाडी धुतली तर पुढच्या डाव्या दरवाजावर बोटभर ओरखडा, नख अडकेल एवढा खोल.

ट्रान्सपोर्टर म्हणतो सही क्लीन आहे, डॅमेजचा शेरा नाही, विषय संपला. प्लांटवाले म्हणतात गेटमधून निघाली तेव्हा ओके होती. इन्शुरन्सवाला विचारतो रिमार्क कुठाय. शेवटी दरवाजा आमच्या खर्चाने पेंट केला. गिऱ्हाईकाला सांगूनच गाडी दिली, कारण नवी गाडी म्हणून पूर्ण पैसे भरलेल्या माणसापासून हे लपवणं मला पटत नाही.

दुसरा त्रास लिहिण्याचा. आमचा एक मुलगा लिहितो ‘किरकोळ स्क्रॅच’, दुसरा त्यालाच ‘मोठा डॅमेज’ म्हणतो, कोणी ‘ड्रायव्हर साइड’ लिहितो, कोणी ‘राइट’. प्लांट, ट्रान्सपोर्टर, डीलर आणि विम्यासाठी नुकसान तपासणारा सर्वेअर, चौघांना एकच भाषा कळेल अशी पद्धत कुठे आहे का?

सांगली_ते_बाल्टिमोर

आहे, आणि इकडे अमेरिकेत रोज वापरतात. मी बाल्टिमोर बंदरात गाड्यांच्या यार्डात काम करतो, जहाजातून उतरलेल्या गाड्या पुढे रेल्वेने नाहीतर ट्रकने जातात. एआयएजी म्हणून वाहन उद्योगाची संस्था आहे, त्यांचा पाच आकडी कोड चालतो. पहिले दोन आकडे गाडीचा भाग, मधले दोन डॅमेजचा प्रकार, शेवटचा एक आकडा किती मोठं ते.

तुमचा पुढचा डावा दरवाजा म्हणजे १०, ओरखडा म्हणजे १२, आणि एक ते तीन इंच लांब असेल तर २. झालं, १०-१२-२. बॉनेट असतं तर २७ ने सुरू झालं असतं. डेंट पडून रंगही गेला तर प्रकार ०४, रंग शाबूत असेल तर १४. हा फरक फार महत्त्वाचा आहे कारण रंग शाबूत असेल तर बऱ्याचदा पेंट न करता डेंट काढता येतो, खर्चात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मापाचा आकडा इंचावर ठरतो, एक इंचाच्या आत १, बारा इंचाच्या वर ५, आणि वस्तूच गायब किंवा मोठी मोडतोड असेल तर ६. किरकोळ की मोठं हा वाद टेप लावली की मिटतो.

डावं-उजवं मात्र नेहमी गाडीत बसून पुढे बघताना धरायचं. ड्रायव्हर साइड हा शब्दच काढून टाका, कारण इकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो आणि तुमच्याकडे उजवीकडे.

रात्रीच्या डिलिव्हरीला इकडे पीओडीवर ‘तपासणीच्या अटीवर स्वीकारली’ असा शेरा चालतो आणि मग सहसा ४८ तासांत डॅमेज कळवायचं असतं. हे तुमच्या ट्रान्सपोर्टच्या करारात लिहून घ्या, नुसता तोंडी शब्द नको. आणि धुळीवर कोरडं फडकं मारू नका हो, त्यानेच बारीक ओरखडे पडतात.

कॅरिअरवाला_चाकण

माझे तीन कॅरिअर, म्हणजे गाड्या वाहणारे ट्रेलर, आहेत म्हणून आमची बाजू सांगतो. कोड चांगलाय, पण तो फक्त उतरवताना लावला तर सगळं बिल ड्रायव्हरच्या अंगावर येतं. लोडिंगला गाड्यांची रांग लागलेली असते, ड्रायव्हरला दोन मिनिटं पण नीट फिरू देत नाहीत, आधी सही कर मग बघ असं चालतं. मग जो ओरखडा प्लांटच्या यार्डातच पडलेला असतो तो पण त्याच्या नावावर आणि पगारातून कट. माझ्या एका ड्रायव्हरचे असे दोन महिने पैसे कापले गेले, पोराची फी भरायची राहिली त्याची.

आमच्याकडून होणारं डॅमेज पण ओळखू येतं, ते मी नाकारत नाही. वरच्या डेकच्या गाडीचं छत बाभळीच्या फांद्या घासून जातं, रॅम्पवर चढवताना पुढच्या बंपरची खालची कड घासते, गाडी बांधायचा बेल्ट चुकीचा आवळला की चाकाजवळ खूण राहते. पण दरवाजावरचा नखभर खोल ओरखडा बऱ्याचदा गाडी चढवणाऱ्या पोराच्या पट्ट्याच्या बकलचा नाहीतर कड्याचा असतो, आणि तो चाकणलाच पडलेला असू शकतो. म्हणून जिथे जिथे गाडी एका हातातून दुसऱ्या हातात जाते तिथे तोच फॉर्म, तोच कोड आणि दोघांच्या सह्या पाहिजेत. रेल्वेने जाणाऱ्या गाड्यांना तर स्टेशनवर चढवताना एकदा, उतरवताना एकदा, असे आणखी दोन हात वाढतात.

मरीन_क्लेम्स_पुणे

क्लीन पीओडीने नेमकं काय बिघडतं ते सांगतो. विमा कंपनी तुमचा क्लेम देते तेव्हा ट्रान्सपोर्टरकडून वसुली करायचा तुमचा हक्क तिच्याकडे जातो. तुम्हीच लिहून दिलं की गाडी ठीक मिळाली, तर ती वसुली करणार कशाच्या जोरावर? म्हणून सर्वेअर आधी रिमार्क बघतो.

कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट २००७, जो २०११ पासून लागू आहे, त्यात ट्रान्सपोर्टरवर दावा करायचा तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते, बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. बुकिंगच्या, डिलिव्हरीच्या नव्हे! इथेच लोक चुकतात. त्याचा निष्काळजीपणा तुम्ही सिद्ध करायची गरज नाही, पण जास्त किंमत आधी लिहून दिली नसेल तर त्याची जबाबदारी साधारण भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. एका ओरखड्याला ते पुरेल, गाडी पलटी झाली तर नाही.

फोटो काढताना आधी चासी नंबर, मग पूर्ण गाडी, मग टेप लावून जवळून. नुसता ओरखड्याचा क्लोजअप आला तर तो कुठल्या गाडीचा हेच कळत नाही. आणि फोटो झाल्याशिवाय रिपेअर करू नका.

यार्ड_सोलापूर

खूप आभार सगळ्यांचे. मालकांशी आज बोललो, गाड्या उतरतात त्या बाजूला सहा एलईडी लावायला तयार आहेत, आणि कोडचा तक्ता मराठीत करून भिंतीवर लावतोय. ‘धुळीमुळे तपासणी बाकी’ असा शेरा आज रात्रीपासूनच मारणार, करारात घ्यायला ट्रान्सपोर्टरला पत्र पण टाकलंय. कॅरिअरवाले दादा, तुमच्या ड्रायव्हरचं वाचून वाईट वाटलं, मी पण तो ओरखडा सरळ ड्रायव्हरचाच धरून बसलो होतो. चाकणला गाडी चढवायच्या आधीचे फोटो ड्रायव्हर मला पाठवू शकेल का?

कॅरिअरवाला_चाकण

लोडिंग एरियात मोबाईल नेऊ देत नाहीत. गेटबाहेर आल्यावर चहाच्या टपरीजवळ थांबून काढायला सांगतो, चारही बाजूंनी. वरच्या डेकचे नीट येणार नाहीत, ते तुम्ही उतरवताना बघा.